थांब, आईला देतो

(1975 च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'तार खात्यातील आठवणी'. माझ्या आधीच्या वक्त्यालाही पंधराच मिनिटं होती, त्यांची पस्तीस झाली. तिकडून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तो मलाही येतोय. तेव्हा फार ताणत नाही. तार खात्यापासून सुरुवात करतो, पण तिथून मी घरी जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. संयोजकांनी मग ओरडू नये.

आपण नव्या पॅटर्नची पहिली दहावी. पुढे बी.कॉम. करता करता मी तार खात्यात चिकटलो, 1980 साली. ट्रेनिंग झालं, मग मुंबईला हुतात्मा चौकातल्या मोठ्या तार ऑफिसात, मग सांगली, सातारा आणि शेवटी आपलं कराड. गावाकडे लोक तारमास्तर म्हणायचे. आता नातवंडांना तार म्हटलं की कपडे वाळत घालायची आठवते, म्हणून थोडं सांगतो. तारेत शब्दाला पैसे पडायचे. पत्त्यातले शब्दसुद्धा मोजायचे. त्यामुळे खिडकीवर आलेला माणूस फॉर्मवर आधी बारा-चौदा शब्द लिहायचा, मग भाव ऐकून एकेक खोडत जायचा. सगळ्यात आधी कोणते शब्द जायचे माहीत आहे? 'काळजी करू नका' हे जायचं. मग 'आम्ही सगळे बरे आहोत' जायचं. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढं राहायचं. त्यातही निम्म्या वेळा वडील आधीच गेलेले असायचे; ते लिहवत नसे म्हणून सीरियस. शुभेच्छांची तर ठरलेली वाक्यं होती, त्यांना क्रमांक होते. दिवाळीचं एक, लग्नाचं एक, परीक्षा पास झाल्याचं एक. गिऱ्हाईकाने आकडा सांगायचा, आम्ही आकडा पाठवायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. भावनांचं काम एका आकड्यात.

आणखी एक गोष्ट. मोर्सवर काम करणाऱ्याला पलीकडचा माणूस हातावरून ओळखू यायचा. प्रत्येकाची कट्ट-कडकट्ट वेगळी. सांगलीच्या टोकाला आज कोण बसलंय, त्याची झोप झालीय का, त्याचं बायकोशी भांडण झालंय का, हे कळायचं. मी ज्यांना कधी पाहिलं नाही अशा दहा-बारा माणसांना मी असा ओळखत होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2013 च्या जुलैत तार बंद झाली. 1850 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन टाकली होती, तिथून धरलं तर एकशे त्रेसष्ट वर्षं. शेवटच्या दिवशी लोकांनी हौसेने एकमेकांना तारा केल्या. मी 2019 ला निवृत्त झालो. झाल्या तार खात्याच्या आठवणी.

आता घरी जाऊ.

आमच्या घरात एक एक्सचेंज होतं. तुमची वहिनी. मुलगा 2007 ला इंजिनिअरिंगला बाहेर पडला, मग नोकरीला बेंगळुरू, मग पुणे. रविवारी फोन यायचा. मी जवळ असलो तर मी उचलायचो. "बाबा, बरं आहे ना?" "हो. तुझं?" "बरं आहे." "थांब, आईला देतो." मग तिकडे पाऊण तास बोलणं. फोन ठेवला की ती मला सगळं सांगायची. त्याचा मॅनेजर बदलला, त्याच्या खोलीत ढेकूण झालेत, त्याला तुमच्या गुडघ्याची काळजी वाटते. आणि माझं त्याला सांगायची. बाबा दाखवत नाहीत, पण तुझा फोटो त्यांनी पाकिटात ठेवलाय. मी कधी तिला सांगितलं नव्हतं की हे त्याला सांग. तिची लाइन दोन्हीकडून चालू असायची. तिला तो 'तू' म्हणायचा, मला 'तुम्ही'. यात काही बिघडलंय असं आम्हा दोघांना कधी वाटलं नाही. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी असंच आहे, हे समोरचे चेहरे बघून कळतंय मला. हसू नका.

2020 च्या फेब्रुवारीत ती गेली. चौदावा झाला, तो परत गेला. पहिल्या रविवारी त्याचा फोन आला. "बाबा, बरं आहे ना?" "हो. तुझं?" "बरं आहे." आणि मी म्हणालो, "थांब, आईला..."

पुढे दोघंही बोललो नाही. मग त्याने "ठेवतो" म्हटलं.

त्यानंतर साडेतीन वर्षं आमचे फोन असेच होते. मोबाइलवर वेळ दिसते. अडतीस सेकंद. बेचाळीस सेकंद. एकदा एक मिनिट दहा सेकंद, कारण त्याला गॅसचा ग्राहक क्रमांक हवा होता.

माझ्या वडिलांचंही असंच होतं, असं म्हणून मी मनाची समजूत घालत होतो. आपण तिसरीत असताना कोयनेचा भूकंप झाला, 11 डिसेंबर 1967, पहाटे. सगळ्यांना आठवत असेल. मला वडिलांनी गोधडीसकट उचललं आणि अंगणात आणून ठेवलं. आमच्या मागे माळवदाचा एक कोपरा खाली आला. सगळी गल्ली रडत, ओरडत होती. वडील माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "चप्पल घाल, गार आहे." त्या रात्रीबद्दल ते नंतर आयुष्यात कधीही बोलले नाहीत. मला त्यांचं कळलं होतं, म्हणून माझंही मुलाला कळत असेल, असा माझा हिशेब. त्यांनी मला उचललं होतं, हे मी सोयीस्कर विसरत होतो. मी माझ्या मुलाला चौथीनंतर हातसुद्धा लावला नव्हता.

तर 2023 ची दिवाळी. तो आला. दर वर्षी यायचा आणि पाडव्याच्या संध्याकाळी परत जायचा. या वेळी पाडवा गेला, भाऊबीज गेली, तो होताच. बॅगा दोन, एरवी एक असायची. म्हणाला, "वर्क फ्रॉम होम आहे." मी म्हटलं, "बरं." वरच्या खोलीत त्याने लॅपटॉप लावला, दार लोटून घेतलं.

आता ती हाताची गोष्ट. कोरोनाच्या वेळी तो चार महिने याच खोलीत बसून काम करत होता. तेव्हा दिवसभर त्याच्या बोटांचा आवाज खाली यायचा. जिन्याखाली माझी खुर्ची आहे. आयुष्यभर आवाज ऐकून पोट भरलेला माणूस मी. आवाजावरून मला कळायचं, आता मेल लिहितोय, आता चिडलाय, आता काम संपलं. या वेळी वरून काहीच येत नव्हतं. सकाळी साडेनऊला दार लोटायचं आणि सहाला उघडायचं. मध्ये कधी तरी चार-दोन टकटक, मग पुन्हा शांत. दुसऱ्या दिवशी दुपारीच मला कळलं, की याची नोकरी गेली आहे.

कळलं आणि मी काय केलं? काही नाही. त्याला विचारलं, "पंखा लागतो का?"

पोरगं चौतीस वर्षांचं, अजून लग्न नाही, त्यात हे. विचारायचं कसं? ती असती तर तिने भाकरी थापता थापता विचारलं असतं आणि त्यानेही पाठीमागे पाटावर बसून सांगितलं असतं. तोंड समोर नसलं की सांगणं सोपं जातं. मला भाकरी येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात. मला एकट्याला अर्धा लिटरचा रतीब. तो म्हणाला, "काका, पाहुणं हायती न्हवं? उद्यापासून किती घालू?" तेवढ्यात मुलगा जिन्यावरून उतरत होता. मी वळून त्याला विचारलं, "किती दिवस आहेस?"

एवढेच तीन शब्द. मला पुढचं बोलायचं सुचलंच नाही. दूधवाला खोळंबला होता, आणि माझ्या मते प्रश्नाचं कारण दारातच उभं होतं, हातात कॅन घेऊन. मुलाला जिन्यावरून दार दिसत नव्हतं. त्याला फक्त बाप दिसत होता.

तो म्हणाला, "बघतो." दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाला, ऑफिसला बोलावलंय, आणि दोन्ही बॅगा घेऊन निघाला. मी म्हटलं, "पोचलास की कळव." त्याने कळवलं. "पोचलो."

आपला एक मित्र, क वर्गातला, तिसऱ्या रांगेत आत्ता मान खाली घालून बसलाय. नाव घेत नाही, तो मारेल. त्याचं कोल्हापूर नाक्यावर दुकान आहे. त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. म्हणाला, "तुझा पोरगा सकाळी दोन तास नाक्यावर बसला होता. पुण्याच्या चार गाड्या गेल्या, चढला नाही. मी दुकानात आणून बसवला. कुठं जायचं ते त्यालाच माहीत नव्हतं. पुण्यातली खोली सोडलीय त्यानं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माठ्या, आलेल्या पोराला तिसऱ्या दिवशी किती दिवस आहेस म्हणून विचारतात होय?"

मी म्हटलं, "अरे, दुधासाठी."

तो म्हणाला, "मग दूध म्हणायला काय पैसे पडत होते का?"

त्याला माहीत नव्हतं तो मला काय बोलला. किंवा माहीत असेल. क वर्गात असला तरी हुशार होता.

त्या रात्री फोन लावायला तीनदा हातात घेतला. मग विचार केला, पत्र लिहू. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी आपल्याला पत्रलेखन घोटून घेतलं होतं. तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. वसतिगृहातून वडिलांना फीचे पैसे मागणारं पत्र मला आजही पाठ आहे. बाई, वडिलांनी मुलाला माफी मागणारं पत्र तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं. मी 'चिरंजीव यास अनेक आशीर्वाद' इथवर आलो आणि बसून राहिलो. रात्री एकपर्यंत त्या कागदावर तेवढंच होतं. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप केला: "दूध वाढवायचं होतं म्हणून विचारलं. हवे तेवढे दिवस राहा. दूध एक लिटर सांगितलंय." तेरा शब्द. मोजायची सवय जात नाही.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दोन दिवस नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी आलं: "शनिवारी येतो. दूध अर्धाच लिटर पुरे. मी चहा सोडलाय."

चहा सोडलाय! गेले तीन दिवस मी रोज सकाळी त्याच्यासाठी आल्याचा चहा करून झाकून ठेवत होतो. तो रिकामा कप विसळून ठेवायचा. म्हणजे बेसिनमध्ये ओतत होता, माझं मन मोडू नये म्हणून. मलाही त्याला चहा करून देण्यापलीकडे काही सुचत नव्हतं, आणि त्याला तो ओतून देण्यापलीकडे.

तो आला आणि सात महिने राहिला. आता तुम्हाला वाटेल, की मग बाप-लेक गळ्यात गळे घालून बोलायला लागले. तसं काही झालं नाही. त्याच्या उशिरा उठण्यावरून वाजलं, गिझर चालू ठेवण्यावरून वाजलं, त्याने माझ्या रेडिओची जागा बदलली त्यावरून चार दिवस अबोला झाला. एक प्रसंग मात्र सांगतो, कारण तो अजून मला सुटलेला नाही.

शेजारचे एक जण दारात आले. "चिरंजीव बरेच दिवस आहेत?" मी म्हटलं, "हो, त्याचं घरूनच काम चालतं हल्ली." मुलगा आत होता. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?" तोपर्यंत नोकरीबद्दल आमच्यात एक अक्षर झालं नव्हतं. मी त्याचंच वाक्य तर शेजाऱ्यांना सांगितलं होतं! त्याला झाकायला गेलो होतो. पण खरं सांगायचं, तर मी ताबडतोब 'नाही' म्हणू शकलो नाही. दोन घास मध्ये गेले. मग 'नाही' म्हणालो. ते दोन घास त्याने मोजले असणार. माझाच मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपणहून माझ्याबरोबर फिरायला आला. प्रीतिसंगमावर. थंडी होती, घाटावर धुकं होतं, कृष्णा दिसत होती, कोयना दिसत नव्हती. आम्ही दोघं समाधीच्या बागेतून शेजारी शेजारी चालत होतो, तोंडं समोर. तिथे तो म्हणाला, "बाबा, सप्टेंबरमध्ये नोकरी गेली." मी म्हटलं, "कधी?" जणू नवीनच ऐकतोय. मग तो बोलत राहिला. दोन महिने तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी खोलीवर यायचा, कारण बरोबर राहणाऱ्या मित्रांनाही सांगितलं नव्हतं. दिवसभर कुठे बसायचास, म्हणून विचारलं. म्हणाला, "कुठेही. एकदा स्वारगेटला." त्या दिवशी आम्ही बागेला चार फेऱ्या मारल्या. माझा गुडघा दोनलाच बोलायला लागतो. पण थांबलो असतो तर समोरासमोर आलो असतो.

पुढच्या वेळी शेजारी भेटले तेव्हा मी ठरवून, स्वच्छ सांगितलं, "त्याची नोकरी गेली आहे, दुसरी शोधतोय." वाटलं, आता तरी बरोबर केलं. तर हा घरात येऊन म्हणतो कसा, "सगळ्या गल्लीला सांगायची काय गरज होती?"

म्हणजे तेही चुकलं.

आणि चूक एकतर्फी नव्हती, बरं का. त्याला फ्रीजमध्ये एक छोटी बाटली सापडली. "बाबा, हे काय?" "थेंब." "कसले?" "डोळ्याचे." "कशासाठी?" "डॉक्टरांनी दिलेत." असं खोदून खोदून त्याने काढलं, की मला काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे आणि गेली ती परत येत नाही, राहिलेली टिकवायची एवढंच. "कधीपासून?" म्हटलं, "तू बेंगळुरूला होतास तेव्हापासून." "आईला माहीत होतं?" "होतं." तो खुर्चीत बसला. म्हणाला, "तिने मला नाही सांगितलं." मी म्हटलं, "मीच नको म्हणालो होतो. तुला तिकडे उगाच घोर." सगळ्या लाइनी ज्या एक्सचेंजमधून जायच्या, तिथे आम्ही दोघांनीही काही बातम्या अडवून ठेवल्या होत्या, हे त्या दिवशी कळलं. त्याचंही काही तिने मला सांगितलेलं नव्हतं. ते काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर थेंब घालायचं काम त्याने घेतलं. रात्री साडेनऊ. मी मान मागे टाकून खुर्चीत, तो मागे उभा, एक हात माझ्या कपाळावर. माझ्या मुलाचा हात माझ्या कपाळाला लागला तो असा. थेंब घातल्यावर डोळा मिटून दोन-तीन मिनिटं कोपरा दाबून बसायचं असतं. त्या वेळात तो बोलायचा. आज कुठे अर्ज केला, कुणी फोन उचलला नाही, एका मुलाखतीत त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी प्रश्न विचारत होती. मी डोळे मिटून ऐकायचो. डॉक्टरांनी सांगितलेली तीन मिनिटं आमच्याकडे कधी कधी वीस मिनिटं चालायची.

2024 च्या जूनमध्ये त्याला पुण्यात काम लागलं. पगार पहिल्यापेक्षा कमी. आता महिन्यातून दोन शनिवार येतो. मधल्या रात्री साडेनऊला फोन करतो, "घातले का थेंब?" मी फोन स्पीकरवर ठेवतो आणि मान मागे टाकतो. एकट्याने घालताना एखादा गालावर जातो, ते त्याला सांगत नाही. परवाचा फोन अकरा मिनिटं चार सेकंदांचा होता. त्यातली निम्मी भांडणात गेली, गिझरवरूनच.

माझी पंधरा मिनिटं झाली आहेत. मसालेभात गार होतोय.

(ता. क. स्मरणिकेसाठी हा मजकूर देण्याआधी मुलाला वाचायला पाठवला होता, कारण गोष्ट निम्मी त्याची आहे. त्याने छापायला हरकत नाही म्हणून कळवलं आणि दोन दुरुस्त्या केल्या. नाक्यावर तो दोन तास नव्हे, सव्वा तास बसला होता. आणि गिझर त्याने कधीही चालू ठेवलेला नाही. या दोन्ही मला मान्य नाहीत, म्हणून मजकुरात केलेल्या नाहीत. शिवाय एका ठिकाणी, बोटांच्या आवाजाच्या परिच्छेदाशेजारी, त्याने लिहिलंय: "म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. येत्या शनिवारी येतोय.)